साहेबांच्या कुंडीतला मोथा

धानाची रोवणी आटोपली आणि त्याच आठवड्यात मामाजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दीड महिना वाकायचं नाही, शेतात उतरायचं नाही, चिखलपाण्यापासून लांब राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. गावी राहिले असते तर मामाजी दुसऱ्याच दिवशी धानाच्या बांधीत उतरले असते, म्हणून आम्ही त्यांना साकोलीला आमच्या घरी आणलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. सत्तरीच्या पुढचे, आणि सगळा जन्म धानात गेलेले.

मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मी शिक्षिका, शाळा दहाची, म्हणून सकाळी सहाला निघायची. तिसऱ्या दिवशी मामाजीही निघाले. धोतर, खांद्यावर दुपट्टा, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा आणि कमरेला विळा.

"मामाजी, विळा कशाला?"

"मंग हात हालवत जाऊ? लोक काय म्हनतीन?"

त्यांच्या मते एवढ्या सकाळी रिकाम्या हातानं हिंडणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर त्याची म्हैस हरवलेली असते. बरीच बोलाचाली झाली आणि विळा दुपट्ट्याखाली झाकून न्यायचं ठरलं. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा त्यांनी विचारलं, "जाऊन कुठं राहिलो आपन?" मी म्हटलं, कुठंच नाही, असंच चालायचं आणि परत यायचं. त्यांची चाल मंदावली.

आमच्या कॉलनीतली ती वाट मी फुलांसाठीच निवडली होती. पहिल्याच गल्लीत गुलाबी बोगनवेल कुंपणावरून रस्त्यावर उतरलेली असते. पुढे पिवळा अलामांडा, पावसाचं पाणी भरून फुलं खाली वाकलेली. निळी गोकर्ण विजेच्या खांबावर अर्ध्यापर्यंत चढली आहे. बँकेत काम करणाऱ्या एक बाई राहतात, त्यांच्या गेटजवळ हेलिकोनिया आहे, लालकेशरी चोची एकीखाली एक ओवून उलट्या टांगाव्या तसा. मी मामाजींना एकेक दाखवत होते.

"याले काय लागते?" मामाजी विचारत.

"काही नाही लागत."

"जनावर खाते?"

"नाही."

"कोन्या रोगावर चालते?"

"नाही मामाजी. दिसायला छान असतं."

दहा घरं झाली, दहाही ठिकाणी हेच. शेवटी ते गेटमधल्या माणसांकडे, धान करपलेल्या शेतकऱ्याकडे बघावं तसे बघू लागले. "एवढं खत-पानी घालून राहिले बिचारे," ते मला हळूच म्हणाले, "अन हाती काही येऊन नाई राहिलं."

कॉलनीच्या टोकाला एक निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांना सगळे साहेब म्हणतात. त्यांच्या व्हरांड्यात भोकांच्या मोठ्या पानांचं मॉन्स्टेरा आहे. मामाजी गेटपाशी थांबले.

"साहेब, अळी लागली तुमच्या झाडाले."

साहेबांनी त्यांना आत बोलावून शांतपणे समजावलं, की या झाडाची पानं अशीच असतात, भोकं जितकी जास्त तितकं झाड चांगलं. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "मोठा मानूस हाये. सांगाले लाजून राहिला."

त्या दिवसापासून साहेबांकडे थांबणं रोजचं झालं. पाचव्या दिवशी साहेब चहाचं सांगायला घरात गेले आणि मी जास्वंद बघत उभी राहिले. वळून पाहते तर मामाजी उकिडवे बसलेले. समोर निळ्या चिनीमातीची कुंडी, आणि तिच्यातलं झाड फरशीवर, मुळांची माती झटकून, मुळं वर करून व्यवस्थित आडवं ठेवलेलं. साहेबांनी ते नागपूरच्या नर्सरीतून आणलं होतं. लांब दांडे, त्यांच्या टोकांना छत्रीसारखी पानं. त्याच्यावर हिरवी जाळी बांधली होती, बुडाशी पांढरे गोटे रचले होते.

"मामाजी, हे काय केलं?"

"मोथा होता, धानातलं तन. साहेबाच्या ध्यानात नसन आला."

"तुम्हाला वाकायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"वाकलो कुठं. बसलो."

मी ते झाड घाईघाईनं कुंडीत खुपसत होते तेवढ्यात साहेब बाहेर आले. मी माफी मागायला सुरुवात केली. साहेबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते मामाजींना विचारत होते, "आता हे जगेल का?"

"हे?" मामाजी म्हणाले. "साहेब, याले मारता मारता माहा बाप मेला. आता मी मारून राहिलो. हे नाई मरत."

साहेब पायरीवर बसले. त्या झाडाची टोकं महिनाभर पिवळी पडत होती. त्यांनी तीन नर्सऱ्यांत विचारलं होतं, मोबाइलवर शोधलं होतं, पण एवढ्या खात्रीनं कोणी काही सांगितलं नव्हतं. "उद्या येऊन जरा बघाल का?" त्यांनी विचारलं.

मामाजींना नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळी काढायला लावली, गोटे फेकायला लावले आणि कुंडीत पाणी तुंबवून चिखल करायला लावला. दहा-बारा दिवसांत सात नवे फुटवे आले. साहेब खूश. मामाजी मात्र घरी येताना मान खाली घालून चालत. "बाई," ते मला म्हणाले, "हे गावात कोनाले सांगू नको."

एके दिवशी साहेबांनी विचारलं, हे असं आणखी कुठं मिळेल? "माह्या बांधीत या," मामाजी म्हणाले, "दोन-तीन परकारचा हाये." बोलायची रीत म्हणून ते बोलले. साहेबांनी ते मनावर घेतलं, आणि त्यांचे फुटवे बघून कॉलनीतल्या इतरांनीही.

रविवारी, साहेब धरून, कॉलनीतली रोज फिरायला निघणारी नऊ माणसं दोन गाड्यांत बसून आमच्या गावी गेली. हातमोजे, छोटी खुरपी, ओल्या गोणपाटाच्या पिशव्या, सगळं घेऊन. मामाजींना उतरायची मनाई होती, म्हणून ते काळा चष्मा लावून, छत्री धरून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहिले आणि काठीनं दाखवू लागले. "तो नाई बाई, तो धान होय. त्याच्या बाजूचा." माणसं जिवापाड जपून, एकही मूळ तुटू न देता मोथा काढत होती. निंदायला येणाऱ्या बायकाही इतक्या निगुतीनं काढत नाहीत. दोन तासांत वरची बांधी स्वच्छ झाली.

सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हे लोक कोन होय?" त्यांनी विचारलं. "यायले जेवू घाला लागन का?" पलीकडच्या बांधीतला शेतकरी धुऱ्याधुऱ्यानं आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, उद्या माह्याकडं पाठवता का यायले?"

मामाजींना मग राहवेना. त्यांनी साहेबांना जवळ बोलावलं. "साहेब, खरं सांगतो. हे फेकाचं हाये. मी तुमच्या हातून निंदन करून घेऊन राहिलो."

साहेब गुडघ्यापर्यंत चिखलात होते. डोक्यावरची टोपी पडून तिच्यात पाणी भरलं होतं. त्यांनी बांधीभर नजर टाकली. "ते राहू द्या," ते म्हणाले. "खालच्या बांधीत आहे का, ते सांगा."

होता. जेवणं चार वाजता झाली.

आज आमच्या कॉलनीत नऊ घरी रंगीत कुंड्यांतून मोथा आहे. त्यातल्या दोन घरी तो कुंडीच्या बुडाच्या भोकातून बाहेर पडला आणि त्यानं हिरवळ व्यापली. बँकेतल्या बाईंचा हेलिकोनिया त्यात गेला. मामाजींना कोणी बोल लावत नाही. साहेब तर त्यांना गावी फोन करून तब्येत विचारतात. राग सगळा माझ्यावर आहे, कारण मी शिकलेली आहे आणि मला कळायला हवं होतं. बाई मला बघून गेट लावून घेतात.

म्हणून हल्ली मी हायवे ओलांडून पलीकडच्या नाल्याच्या काठानं चालते. तिथं बेशरमाची जांभळी फुलं बारा महिने असतात, आणि ती कोणी लावलेली नाहीत.