चिंचेने घासलेली जाळी

फोन आला तेव्हा मी देवाची तांब्याची भांडी घासत होते. भंडाऱ्याहून विनूच्या कॉलेजचा शिपाई बोलत होता, सर वर्गात कोसळले म्हणाला. जवळच्याच शहापूरहून मी पोचले तोवर सगळं संपलं होतं... माझ्या हाताला चिंचेचा वास तसाच होता.

विनू माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि तो रांगत होता. पुढे तो रसायनशास्त्र शिकवायला लागला, मी त्याचे डबे भरत राहिले. त्याच्या कामाबद्दल विचारायला मला लाज वाटे. एकदा त्यानेच सांगितलं. औषधं बनवताना कार्बन आणि नायट्रोजन जोडावे लागतात, पण ते आपणहून जोडले जात नाहीत. जोडून देणारे धातू फार महाग. विनूला ते काम साध्या तांब्याकडून करून घ्यायचं होतं, तेही पुन्हा पुन्हा.

"म्हणजे विरजण का रे?"

"जवळ आली बाई तू! पण विरजण दह्यातच राहते. माह्यं तांबं बाहेर काढता येते. धुतलं, वाळवलं, का पुन्हा कामाले."

चहाच्या गाळणीएवढी तांब्याची जाळी होती ती, भाजून काळी केलेली. एकदा वापरली की तिच्या डबीवर पेन्सिलीची एक रेघ. दहा वेळा टिकली तर तो त्यावर लेख लिहिणार होता. पण कधी परीक्षा, कधी निवडणुकीचं काम. महिन्याला एखादी रेघ व्हायची.

सात रेघा झाल्या तेव्हा कॉलेजात रंगकाम निघालं, म्हणून त्याने धुतलेली जाळी घरी आणून खिडकीत वाळत ठेवली. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस आणि तांबं किती कळकट! चिंच-मीठ लावून मी ती लख्ख करून ठेवली.

"हे काय केलं वो बाई?" तो खालीच बसला. मग हसायला लागला. "थ्या काळ्यातच तं सारी करामत होती. तू तिले नवरी करून ठेवली! आता रडून काहून राहिली? पुन्हा भाजू, पुन्हा एकपासून मोजू." आणि डबीवरच्या सातही रेघा त्याने पुसून टाकल्या.

रागाचा एक शब्द बोलला नाही. त्याचाच मला आता राग येतो.

शेवटच्या सकाळी डबा घेताना म्हणाला, "नऊ झाल्या बाई. एकच राहिली."

महिन्याभराने मी कॉलेजात गेले. दाराशीच उभी राहून विचारलं, "दहावी खेप कोण करेल जी?" तिथले सर म्हणाले, "असं काम पुष्कळ लोक करतात, मावशी." विनूची छत्री आणि जाळीची डबी माझ्या हातात दिली. पुष्कळ लोक करत असतील. विनूची जाळी तर कोणी करत नाही ना? हे मला घरी आल्यावर सुचलं.

डबी देवाजवळ ठेवली आहे. वर नऊ रेघा. माझ्या हातून गेलेल्या सात धरल्या तर सोळा होतात, पण तशी बेरीज चालत नाही, एवढं मला आता कळतं.

सोमवारी चिंच भिजवते, देवाचा तांब्याचा गडवा हातात घेते आणि तसाच ठेवून देते. तो काळा पडत चालला आहे. शेजारीण टोकते, "काहून वो, घासत नाही का?"

मी चिंच वरणात टाकते.