तबेल्यातला कारखाना

परतवाड्याला कॅम्पाच्या बाजूला माझ्या बाबांचा सुतारकामाचा कारखाना होता, तो एका तबेल्यात. तबेला म्हटलं की लोकांना म्हशी दिसतात. हा मात्र इंग्रज साहेबांच्या शर्यतीच्या घोड्यांचा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. एकेका घोड्याला स्वतंत्र खोली, तीही आमच्या राहत्या खोलीपेक्षा मोठी. वारं अंगावर न येता पाठीवरून जावं म्हणून खिडक्या उंच. कातडीला ओरखडा उठू नये म्हणून दाराच्या कडेच्या विटासुद्धा गोल घडवलेल्या. जनावराचे एवढे लाड, आणि त्या विटा भाजणाऱ्यांना दुपारी सावली तरी मिळाली असेल का, देव जाणे. मला त्या इमारतीचा राग यायचा आणि ती आवडायचीही.

बाबांना ती नुसती आवडायची. छपराला सागवानाच्या कैच्या होत्या, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या तिकोनी चौकटी. पलंग घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला बाबा आधी मान वर करायला लावायचे. "साहेब गेले, घोडे गेले, कैच्या पाहा, जागच्या हालल्या नाही!" जमीन मात्र नालीकडे उतरती, घोड्यांचं मूत वाहून जावं म्हणून. तिथं टेबल डुगडुगतं की जमीनच तिरपी, ते कळायचं नाही. म्हणून बाबा प्रत्येक टेबल उचलून रस्त्यावर नेत आणि तिथं तपासत. येणारे-जाणारे हॉटेल समजून चहा मागत.

भिंती विटा-चुन्याच्या. पावसाळ्यात ओल धरायच्या, उन्हाळ्यात सुकायच्या, आणि दिवाळीआधी बाबा स्वतः चुना मारायचे. एका वर्षी पोपडे जरा जास्त पडले. बाबांनी ठरवलं, आता कायमचा बंदोबस्त करायचा. आतून-बाहेरून सिमेंट.

आई म्हणाली, "दरवर्षी वाळून तर राहिली ते भित. काहून हात लावता तिले?"

"तुले काय समजते त्यातलं? सिमेंटीनं धरणं बांधून राहिले लोक!"

मालक अमरावतीला, त्याला भाड्याशी मतलब. हौसेला मोल नाही म्हणतात, तसं बाबांनी पदरचं घालून काम केलं. छपराच्या शेंड्याला हवेसाठी ठेवलेली फट होती. तिथून वांदरं आत येतात म्हणून तीही पत्र्यानं बंद केली. भिंती गुळगुळीत झाल्या आणि बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

मग ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नाही. सिमेंटच्या आड विटांचा भुगा होत गेला. कैच्यांची भिंतीत रुतलेली टोकं कुजली. हे कुणाला दिसलं नाही, कारण वरून सगळं छान होतं. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मागची भिंत बसली. नगरपालिकेनं इमारत धोकादायक ठरवली. मालकाला तर तेच हवं होतं.

मी अकोल्याहून ओळखीच्या इंजिनिअरला घेऊन धावत गेले. त्यानं भिंतीत बोट घातलं तर विटेची माती हातात आली. "चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की असंच होतं. आता काही करता येणार नाही," तो म्हणाला. बाबा शेजारीच उभे होते. मला त्या इंजिनिअरचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त आला, आणि रडू आलं ते वेगळंच.

तबेला पाडला. तिथं आता गाळे होताहेत. भावानं बाबांना घरामागे टिनाचं शेड बांधून दिलं. जमीन सपाट, उजेड भरपूर. बाबा रोज सकाळी तिथं जातात, खुर्चीवर बसतात आणि जेवायला घरात येतात.

आमच्यात मुलीच्या लग्नाचा पाट घरच्या हातचा लागतो. माझा बाबांनी केला, बहिणीचाही. या उन्हाळ्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी मुद्दाम परतवाड्याला गेले. वाटलं, या निमित्तानं तरी रंधा हातात घेतील.

"बाबा, नातीचा पाट तुमीच करा लागते."

त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं.

"नको माय," ते म्हणाले. "मी हात लावला का चांगली वस्तू खराब होते."

पाट मी अकोल्याच्या बाजारातून आणला.