ताजं पाणी

आमच्याकडे, लोहाऱ्याच्या अलीकडच्या वस्तीत, नळ आठ दिवसांनी येतो. जोर इतका कमी की तोटी जमिनीच्या वर ठेवली तर नुसती हवा फुसफुसते. म्हणून गल्लीत प्रत्येकाने दारासमोर खड्डा खणून नळ खाली उतरवलेला. माझा खड्डा सगळ्यांत खोल. त्याची मला घमेंड होती, खोटं कशाला बोलू. एरवी त्यात नालीचं पाणी साचायचं. नळाच्या दिवशी मी ते डब्याने उपसायचो, तोटी पुसायचो, की झालं स्वच्छ.

मुलगी सातव्या महिन्यात दारव्ह्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठ दिवसांचं शिळं पाणी तिला कशाला पाजायचं, म्हणून नळ आला की पहिला गुंड, म्हणजे पितळी घागर, भरून मी तिच्यासाठी बाजूला ठेवायचो. बायकोलाही त्याला हात लावू द्यायचो नाही. एकदा मुलगी म्हणाली, पाण्याला वास येतो. मी तिलाच वेड्यात काढलं; या दिवसांत बायकांना सगळ्याचाच वास येतो म्हणालो. तुरटी फिरवली, फडक्याने गाळून दिलं. ती हसली आणि प्याली.

महिन्या-दीड महिन्याने तिचे डोळे पिवळे झाले. गल्लीत आणखी तिघांना कावीळ झाली होती, ते पथ्यपाणी करून उठले. ही उठली नाही. गरोदरपणात ही कावीळ जिवावर बेतते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती कोणाला ओळखत नव्हती. पाचव्या दिवशी गेली, पोटातल्या बाळासकट.

नंतर पाणी तपासायला आरोग्य खात्याचा माणूस आला. माझ्या खड्ड्यापाशी बराच वेळ उकिडवा बसला.

"काका," तो म्हणाला, "नळ गेला का पाइप रिकामा होते, अन् खड्ड्यातलं घाण पाणी आत ओढून घेते. पुढच्या खेपेले तेच आधी बाहेर येते. पह्यलं पाणी कोणी पेऊ नका."

बायको दारातच उभी होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मी संध्याकाळी खड्डा बुजवून नळ वर घेतला. गल्लीतल्यांनाही विनवलं. त्यांनी माना हलवल्या आणि खड्डे तसेच ठेवले.

तेरवीच्या सकाळी नळ आला. शेजारी सगळीकडे पाणी, माझ्या तोटीला हवा. पाहुणे यायला लागले होते. बायकोने फावडं आणून माझ्यापुढे टाकलं.

"उकरा," ती म्हणाली. "लोकायले पाणी तं द्या लागन."

मी उकरला. उकळूनच द्या, असं तो माणूस बजावून गेला होता. पण चाळीस-पन्नास माणसांचं पाणी कोण उकळणार? सुरुवातीचं थोडं ओतून टाकलं, बाकीचं तसंच भरलं. मला माझीच किळस येत होती. मुलीची सासू रडून दमली होती. तिला मीच ग्लास नेऊन दिला. तिने आणखी एक मागितला, तोही दिला.