गेरूचा नाग

लातुरातल्या एका क्लासमध्ये मी प्रवेशपरीक्षेपुरती चित्रकला शिकवतो. आज शिपाई कुंड्यांना गेरू लावत होता. त्या ओल्या वासानं गावाकडची पंचमी आठवली.

माय बोटानं भिंतीवर नाग काढायची. लहानपणी त्या भिंतीकडं तोंड करून मला झोप यायची नाही. नांदेडला वर्षभर चित्रकला शिकून घरी आलो, तेव्हा नाग बघून म्हणालो, "रेषा लई लयदार हाय, माय."

तिचं गेरूचं बोट थांबलं. "अन् भ्या न्हाई वाटत?"

"न्हाई."

"मंग नाग नीट न्हाई झाला," म्हणत तिनं तो पुन्हा गिरवला.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी भूकंपात ती दगडमातीची भिंत मायवर पडली.

अजूनही डोळे मिटून तो नाग आठवतो, घाबरायचा प्रयत्न करतो. दिसते ती नुसती रेषा.