ढिले ठेवायचे बोल्ट

बेलापूरजवळ एका साखर कारखान्याचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी तिथे नवखा इंजिनिअर होतो. दुष्काळाचं वर्ष. प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू. सहा महिने मी पत्र्याच्या खोलीत एकटा काढले. दोष गावाचा नव्हता, माझंच नाक जरा वर होतं. कामापुरतं बोलायचं आणि नकाशात डोकं खुपसायचं, एवढंच मला जमत होतं.

आपणहून माझ्याशी बोलणारा एकच माणूस होता, फिटर मिस्त्री. पन्नाशीचा, जवळच्याच वाडीचा. दुपारी माझ्यासमोर फडकं सोडायचा आणि न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायचा. मी सकाळपासून त्या दुपारची वाट बघायचो. हे त्याला मात्र कधी कळू दिलं नाही.

कारखान्याच्या दोन लोखंडी इमारतींना जोडणारा एक पूल होता, उसाचा भुसा बॉयलरकडे नेणारा. पाच वर्षांपूर्वी कोयनेच्या भूकंपात आमच्याकडेही मांडणीवरची भांडी वाजली होती, तेव्हापासून नकाशे करणारे सावध झाले होते. हादरा बसला की दोन इमारती आपापल्या तालात हलतात. म्हणून पुलाचं एक टोक घट्ट आवळायचं. दुसऱ्या टोकाला लांबट भोकं, आणि त्यांतले बोल्ट हाताने फिरतील इतके ढिले. ते टोक सरकलं, तरच पूल वाचणार.

मंगळवारी पुण्याहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. सोमवारी सकाळी मी वर चढलो आणि हबकलोच. सरकायच्या टोकाला चारी बाजूंनी वेल्डिंग मारलेलं.

"हे कुणी केलं?"

मिस्त्री हसतच शिडी चढून आला. "मीच की. बोल्ट ढिलं बघून मोठं सायेब तुमालाच बोललं असतं. म्हनून काल सुट्टीचा येऊन समदं पक्कं करून टाकलं."

ढिलं काम ठेवणं त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. वेल्डिंगही असं सुबक, की बघत राहावं. आणि मी पंधरा माणसांसमोर ओरडलो, "अडाणी कारभार सगळा! नकाशा कळत नाही तर हात कशाला लावता?" खरं तर उद्याच्या भीतीने माझी गाळण उडाली होती.

दिवसभर उन्हात बसून त्याने ते वेल्डिंग छिन्नीने काढलं, कानशीने घासलं. संध्याकाळी मी दोन तळहातांवर पेन्सिल आडवी धरून त्याला सगळं समजावलं. दोन मिनिटांत त्याला कळलं.

"धूळ बसून ह्ये गंजलं तर मंग सरकंल का? खाली ग्रीस पायजे," तो म्हणाला. नकाशात ग्रीस नव्हतं. मग ग्रीस लावून बोल्ट हाताने बसवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "येवढंच हुतं, तर आदीच का न्हाई सांगितलं?"

मी पेन्सिल खिशात घातली.

मंगळवारी मोठ्या साहेबांनी बोल्ट फिरवून पाहिले, ग्रीस पाहून खूश झाले आणि ही कल्पना कुणाची, असं विचारलं. मी मिस्त्रीचं नाव सांगितलं आणि त्याला बोलावणं धाडलं. तो आला नाही. सकाळीच त्याने दुसऱ्या टोळीत बदली मागून घेतली होती.