मावसोबांची लंकेतली बुडी

आमच्या मावसोबांइतका रागीट माणूस माळव्यात आजवर झाला नाही आणि पुढेही होणे नाही. मावसोबा म्हणजे माझ्या धारच्या मावशीचे यजमान. चहा गार झाला म्हणून त्यांना राग येई, आणि तोच तापवून आणला की जीभ भाजली म्हणून येई. कॅलेंडरात रविवार लाल का छापतात, कावळा मान तिरकी करून का बघतो, समोरच्या वकिलांना शिंका जोडीनेच का येतात, या सगळ्यांवर त्यांचा मनापासून राग होता. आम्हां देवासकरांवर तर खासच, कारण आमच्या गावाला पूर्वी दोन राजे होते. "एवढंसं गाव! रस्त्याच्या या कडेला एकाचं राज्य, त्या कडेला दुसऱ्याचं! कुत्र्यानं रस्ता ओलांडला की परदेशी!" असे ते आमच्याच ओट्यावर बसून, आमचेच पोहे खात ओरडत. दोन्ही राज्ये केव्हाच विलीन झाली होती, पण राग विलीन करायला मावसोबा तयार नव्हते. घरात ते मराठीत रागावत, बाजारात हिंदीत, आणि खरा भडका उडाला की माळवीत. मात्र त्यांना कुणी घाबरलेले मी पाहिले नाही. ज्याच्यावर ओरडत त्याच्याच घरी संध्याकाळी उपरण्यात पेरू बांधून नेऊन टाकत, आणि पेरू कच्चे निघाले की पुन्हा रागावत.

संस्थानच्या काळात ते दरबारच्या नोकरीत होते. काम पाण्याचे. तलावातल्या नावा सांभाळायच्या, दरबारच्या मुलांना पोहायला शिकवायचे, आणि पाण्यात काही पडले की बुडी मारून काढून आणायचे. विहिरीतल्या घागरी, तलावात पडलेली नथ, आणि कधीकधी माणसेसुद्धा. मावशी सांगे, माणूस काढून आणला की त्या दिवशी ते जेवत नसत आणि कुणावर रागावतही नसत. संस्थान गेले तशी नोकरीही गेली. नगरपालिकेच्या पाणीखात्यात टेबल-खुर्ची मिळाली, त्या खुर्चीवरही ते रागावूनच बसत. पण सगळ्यांत मोठा राग होता तो आमच्या पाण्यावर. "जन्मभर गाळात बुड्या मारल्या," ते म्हणत, "पाण्याखाली काय असतं ते एकदासुद्धा दिसलं नाही. सगळं चाचपून!"

आणि मग शेजारी एक फौजी राहायला आला. महायुद्धात त्याची पलटण लंकेत होती. त्याने सांगितले, लंकेच्या किनाऱ्यालगत एक चिमुकले बेट आहे, नारळांचे, "और पानी ऐसा भिया, के नाव में बैठे-बैठे मछली की आँख दिखे." झाले! मावसोबांनी लंकेला जायचे ठरवले. सायकलवाल्याकडून मोटारीच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून आणि त्यात काचा बसवून पाण्यात घालायचा चष्मा करून घेतला. तो डोळ्यांवर चढवून भर दुपारी अंगणातल्या घंगाळात डोके बुडवून ते इतका वेळ ओणवे राहिले, की मावशीने घाबरून त्यांचे धोतर ओढले. "ओढतेस काय! तळाची कल्हई उडालीय ती बघत होतो!" असे बाहेर येऊन तिच्यावर ओरडले. पासपोर्टसाठी इंदूरला गेले, तेव्हा तिथल्या कारकुनाने विचारले, "लंका में काम क्या है?" मावसोबा म्हणाले, "डुबकी मारनी है." कारकून म्हणाला, "तो नर्मदाजी में मारो ना भिया, पुण्य भी मिलेगा." "पुण्य तो मिले, पण दीखे कईं नी!" असे मावसोबा जे कडाडले, ते म्हणे खालच्या पानवाल्यालाही ऐकू गेले.

कागद सरकत होते, आणि तेवढ्यात वर्तमानपत्रात लंकेतल्या दंगलींच्या बातम्या येऊ लागल्या. मी तेव्हा देवासला शाळेत शिकवत होते आणि सुटीत धारला गेले होते. बातम्या मीच वाचून दाखवत असे. दुकाने जाळली, गाड्या अडवल्या, माणसे मारली. मावसोबांनी पेपर माझ्या हातातून ओढून घेतला.

"मी जायचं ठरवलं की यांना दंगली सुचतात!"

मावशी म्हणाली, "त्यांना कुठं ठाऊक, तुम्ही येणार ते?"

"मग कळवा त्यांना!"

माझी आई समजावायला आली. "भावजी, गडबड निवळू दे, पुढल्या वर्षी जा."

मावसोबा नेहमीसारखे ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "पुढल्या वर्षी छाती राहील का? पूर्वी मी बुडी मारली की काठावरचे लोक घाबरायचे. हल्ली मीच घाबरतो." मग बहुधा आपण हळू बोललो याचाच राग येऊन त्यांनी पाट आपटला.

तोड मावशीने काढली. "मला रामेश्वरला जायचंच आहे. तेही बेटच की! तिथवर जाऊ. पुढं बोट सोडत असली तर जा, नसली तर तिथल्या समुद्रात डोकं बुडवा."

मावसोबा, मावशी आणि मी, असे तिघे निघालो. मावसोबा दर स्टेशनवर रागावत गेले. मद्रासच्या पुढे तर कुणावर रागवावे हेच कळेना, कारण त्यांचा राग कुणाला समजत नव्हता. लोक हसून त्यांना बसायला जागा देत. रामेश्वरला पोहोचल्यावर देवदर्शनालाही न थांबता त्यांनी आम्हांला लंकेची बोट लागते त्या धक्क्यावर नेले. परवाने बंद आहेत हे ऐकले होते, तरी कप्तानाशी भांडून बोटीत चढायचे असा त्यांचा बेत होता. चष्मा गळ्यात अडकवलेला.

बोट आली. तिच्यातून माणसे उतरू लागली, आणि मावसोबा भांडायचे विसरले. कुणाच्या डोक्यावर गाठोडे, कुणाच्या काखेत शिवणयंत्राचे नुसते मुंडके. एक वयस्क बाई हात हलवत उतरली. तिच्याजवळ काहीच नव्हते, फक्त कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. मावसोबांनी हमालाला विचारले, "ये लोग कौन?"

मोडक्या हिंदीत हमाल म्हणाला, "अपना तमिळ लोग. उधर घर जल गया."

"किस वास्ते?"

"भाषा के वास्ते."

"काय?" मावसोबा मराठीतच ओरडले. "भाषेवरून? अरे, मी तीन भाषांत बोंबलतो! माझं कुणी खोपटंसुद्धा जाळलं नाही!" मग समुद्राकडे तोंड करून ते माळवीत जे सुटले, ते शब्द मला लिहिता येणार नाहीत. धक्क्यावरची माणसे थबकून बघू लागली. त्यांना एक अक्षर कळले नसेल, पण ही आरडाओरड कुणाच्या बाजूने चालली आहे ते कळले असावे. ती किल्ल्यांवाली बाई जवळ येऊन उभी राहिली. मावसोबांनी आमचा फराळाचा डबा तिच्यापुढे रिकामा केला, आणि दिवसभर, छातीला धाप लागेपर्यंत, लोकांची गाठोडी गाडीपर्यंत वाहिली. मावशी थांबवायला गेली, तर तिच्यावर मात्र रागावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते समुद्रात उतरायलाच तयार होईनात. "लाज वाटते," म्हणाले. मावशी म्हणाली, "लाज जाळणाऱ्यांना वाटू दे. इतक्या लांब आलात, उतरा." बेटाच्या उत्तरेचा समुद्र तळ्यासारखा निवांत होता. मावसोबांनी चष्मा चढवला आणि बुडी मारली. मी श्वास धरून उभी होते. तिकडे मावशी मात्र शांतपणे त्यांचे धोतर झटकत होती. ते वर आले, पुन्हा गेले, पुन्हा वर आले. किनाऱ्यावर येऊन बसले तेव्हा डोळे लाल झाले होते.

"मासे दिसले?" मी विचारले.

"मासे होते गं. पण मला माझे हात दिसले. ज्यांनी इतकी माणसं वर काढली, ते पाण्यातले हात मी कधी बघितलेच नव्हते."

परतल्यावर ते एकदा देवासला आले. जेवताना आमचे एक पाहुणे सहज म्हणाले, "लंकेतल्या तमिळ लोकांचंही चुकलंच. राहता तिथली भाषा घ्यावी मुकाट्यानं." मी मावसोबांकडे बघितले. आता ताट उडणार अशी माझी खात्री होती. पण ते उठले, हात धुतले आणि पिशवी घेऊन निघाले. मोटारस्टँडवर मी त्यांना गाठले. बाकावर आम्ही मोटारीसाठी खोळंबलो.

"त्या किल्ल्यांवाल्या बाईशी मी तासभर बोललो," ते म्हणाले. "ती तिच्या भाषेत, मी माझ्या. काही अडलं नाही."

धारची मोटार आली. तिला चांगलाच उशीर झाला होता, आणि वर ड्रायव्हर आरामात विडी ओढत होता. आता तरी भडका उडेल म्हणून मी वाट पाहत राहिले. मावसोबा मुकाट चढले, खिडकीशी बसले आणि मला म्हणाले, "जा पोरी, ऊन फार आहे."

त्या ड्रायव्हरला ते काहीच बोलले नाहीत, हे मला अजूनही आवडलेले नाही.