खळीचा वास

लाँड्रीत तिला सगळे वहिनी म्हणत. मळके कपडे आले की खिसे तपासायचे, डाग बघायचे, खुणेची चिठ्ठी टाचायची, एवढंच तिचं काम. पण त्याआधी ती प्रत्येक कपडा हुंगायची. बाकीच्या बाया नाकं मुरडायच्या, ही खुशाल हुंगायची, कारण तिच्या गोष्टी तिथूनच निघत. कोटाला खोकल्याच्या औषधाचा आणि पेपरमिंटचा वास आला, की घरच्यांपासून आजार लपवणारा म्हातारा तिच्यापुढे उभा. एका मासिकात त्या गोष्टी छापून येत आणि त्या दिवशी बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नसत.

मग एक ताप आला आणि जाताना तिची वासाची जाण घेऊन गेला. परत येईलही, नाहीही, असं डॉक्टर म्हणाले. दूध करपलेलं कळेना, त्याचं तिला काही नव्हतं. पण कोट नाकाशी धरला की समोर नुसता कोट, हे तिला सोसेना. गोष्ट सुचायची थांबली आणि तिचा जीव कासावीस झाला.

शेवटी तिने उसनं नाक आणायचं ठरवलं. नवरा बुकबाइंडर. त्याला विचारलं तर "वासासारखा वास" म्हणून मोकळा. नणंद मात्र शेजाऱ्यांकडे काय शिजतंय ते जिन्यातच सांगणारी. लाँड्रीच्या सुट्टीच्या दुपारी नवरा कामावरून परस्पर आला आणि तिघं आत शिरली. नवरा खुंटीवरून कपडा काढून बहिणीपुढे धरी, ती डोळे मिटून हुंगे, वहिनी कान टवकारून ऐके.

पहिला वकिलाचा कोट. आंबूस, शिळ्या पिठासारखा, असं नणंदेने सांगितलं. वहिनीचे डोळे चमकले. वकील घरी चोरून कणीक मळत असेल का? मग एक रेशमी शाल. तिलाही तोच वास. मग रेनकोट, त्यालाही तोच. या तिघांचं एकमेकांशी काय असेल? वहिनीने मनातल्या मनात तिघांचं एकत्र बिऱ्हाडसुद्धा थाटून टाकलं.

नणंदेला मात्र राहवेना. ती स्वतःच पुढे झाली आणि खुंटीवरचा पुढचा कोट तिथेच हुंगला. नुसता तंबाखू. तिने भावाचा हात धरून नाकाशी नेला.

"वहिनी, कपड्यांना नाही, आपल्या दादाच्या हातांना येतोय. खळीचा वास आहे हा."

त्याने तळहात उलटसुलट हुंगून पाहिले. "मला तर काहीच येत नाही."

सगळ्यांत जास्त वहिनी हसली, आणि हसता हसता थांबली. पुस्तकं चिकटवायची ती पिठाची खळ. लग्न झाल्यापासून लिंबाच्या सालीने हात घासल्याशिवाय तिने त्याला घरात घेतलं नव्हतं. इतके दिवस ती परक्यांच्या कोटांसाठी झुरत होती, या वासाची तिला एकदाही आठवण झाली नव्हती. तिला लाज वाटली, आणि भीतीही. हा वास आता पुन्हा भेटलाच नाही तर?

दुसऱ्या दिवशी ती आठवणीतून लिहायला बसली. सकाळची कोमट खळ, दुपारची आंबलेली, संध्याकाळी बाहीपाशी घामात मिसळलेली. ज्याची त्यालाच ठाऊक नसलेली. नवऱ्याने सगळं सावकाश वाचलं.

"एवढा येतो?"

"यायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, मला तो आवडत नाही."

संध्याकाळी तो कामावरून आला. सवयीने तिने दारातच लिंबाची साल पुढे केली. त्याने ती बाजूला ठेवली, तिच्याजवळ बसला आणि दोन्ही हात तिच्या मांडीवर पसरले.

"राहू दे आज. नाक उघडलंच, तर आधी हा येऊ दे."